उत्तरे पाठ, तरीही सुई एकच

प्रश्न : मी किशोरवयीन मुलांच्या एका सुधारगृहात दर आठवड्याला आरोग्याचा तास घेते. एचआयव्ही कशाने पसरतो, हे मुले घडाघडा सांगतात. परंतु मागच्या महिन्यात तिघांच्या मनगटांवर एकाच सुईने गोंदलेली नक्षी दिसली. विचारले, तर म्हणाले, "रोगी माणूस बघितल्यावर कळतो, बाई." माझे काय चुकते?

उत्तर : चुकत नाही, तास मात्र निम्म्यावर थांबतो. १९५०च्या दशकात अमेरिकेत लोक क्षयाच्या तपासणीकडे का फिरकत नाहीत, याचा विचार करताना तेथील मानसशास्त्रज्ञांनी असे मांडले, की रोगाची माहिती असणे पुरेसे नसते. तो आपल्याला होऊ शकतो, झाला तर भारी पडेल आणि उपायाचा फायदा त्याच्या त्रासापेक्षा मोठा आहे, असे माणसाला स्वतःला वाटावे लागते. 'हे मला जमेल' हा विश्वास त्यात पुढे १९८८मध्ये जोडला गेला.

तुमची मुले पहिल्याच पायरीवर, म्हणजे 'हा रोग मला होऊ शकतो' इथेच, अडली आहेत. लागण झालेला माणूस कित्येक वर्षे ठणठणीत दिसू शकतो, आणि लागण ताजी असेल तर प्रतिपिंडांच्या (विषाणूशी लढायला शरीराने बनवलेल्या प्रथिनांच्या) चाचणीतही ती तीन महिन्यांपर्यंत निसटू शकते, हे त्यांना सांगाच. (त्याच तासाला हेही सांगा, की एका ताटात जेवल्याने किंवा डास चावल्याने एचआयव्ही होत नाही, नाहीतर एखाद्या बाधित मुलाला वाळीत टाकले जाईल.)

त्याहून मोठी अडचण शेवटच्या, 'हे मला जमेल' या पायरीवर आहे. चोवीस तास ज्यांच्यासोबत काढायचे, त्यांच्यासमोर सुई नाकारणारा भित्रा ठरतो. म्हणून नकाराची वाक्ये मुलांकडूनच काढून घ्या आणि तासाला म्हणवून घ्या. "माझी जखम चिघळते, मला नको" यासारखी सबब पत राखते, ती खुशाल चालू द्यावी.

जबरदस्तीच्या लैंगिक संबंधांना मात्र हा हिशेब लावू नये. तिथे मुलाच्या समजुतीचा प्रश्नच नसतो, जबाबदारी संस्थेची असते. अशा प्रसंगानंतर एचआयव्हीची लागण रोखणारी औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. रात्री असे घडल्यास मुलाला डॉक्टरांकडे कोण नेणार, हे अधीक्षकांना आजच विचारा.

त्या तिघांची एचआयव्ही आणि हेपेटायटिस बी व सी (यकृताचे संसर्गजन्य आजार) यांची तपासणी त्यांच्या संमतीने करून घ्या. हेपेटायटिसचे हे विषाणू अशा सुईवाटे एचआयव्हीपेक्षा अधिक सहज पसरतात. गोंदल्याला तीन महिने झाल्यावर एचआयव्हीची चाचणी पुन्हा करावी आणि निकाल ज्याचा त्यालाच, एकट्याला सांगावा.