नाव ऐकून लोक हसतात, ऑनलाइन फॉर्मही नाव घेत नाही. असं का होतं आणि काय करावं?

तुमच्या प्रश्नात दोन दुखणी आहेत. माणसं हसतात हे एक, मशीन अडवतं हे दुसरं. मूळ मात्र बहुतेक वेळा एकच निघतं: नावात खोट नसते, ते परक्या कानावर किंवा परक्या लिपीत जाऊन पडलेलं असतं.

इंजिनिअरिंगच्या वर्गात समीकरणं सोडवण्याची रुंगे-कुट्टा पद्धत फळ्यावर आली की मागच्या बाकांवर खसखस पिकतेच. मार्टिन विल्हेल्म कुट्टा या जर्मन गणितज्ञाने १९०१ साली ती मांडली, तेव्हा हिंदीत कुत्र्याला काय म्हणतात याच्याशी त्याला काय देणंघेणं! ऑस्ट्रियातल्या एका खेड्याचं नाव इंग्रजीतल्या सर्वांत प्रसिद्ध शिवीसारखं होतं. पाट्या चोरणाऱ्या आणि पाटीशेजारी फोटो काढणाऱ्या पर्यटकांना वैतागून २०२१ च्या सुरुवातीला गावाने ते बदलून 'फुगिंग' केलं. गावाचं ठीक आहे. माणसाने इतक्या टोकाला जायची गरज सहसा नसते.

आधी स्पेलिंग तपासा. दीक्षित, परीक्षित, रक्षित या नावांत देवनागरीत काही वावगं नाही. रोमनमध्ये मात्र शेवटची चार अक्षरं एस-एच-आय-टी होतात आणि इंग्रजी वाचणाऱ्याचा डोळा तिथेच अडकतो. 'क्ष'साठी एक्स वापरला की प्रश्न मिटतो, म्हणून तर अनेक दीक्षित एक्स लावतात. हर्षितला ही सोय नाही, कारण तिथे 'क्ष'च नाही. त्याने शेवटच्या टीआधी आयऐवजी दोन ई घ्याव्यात. पण हा बदल पहिलं कागदपत्र निघण्याआधीच करायचा. एकदा दाखला, बँक, पासपोर्ट यांवर एक स्पेलिंग चढलं, की दुसऱ्या स्पेलिंगने त्रासच वाढतो. लोकांचं हसू परवडतं, दोन कागदांवर दोन नावं परवडत नाहीत.

मशीनचं दुखणं जरा खोलात सांगतो. शिव्या गाळणारे साधे फिल्टर शब्द पाहत नाहीत, अक्षरांचा तुकडा पाहतात. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात चार अक्षरी शिवी आहे. या प्रकाराला आजही त्या गावाचंच नाव आहे. २०१२ मध्ये फेसबुकने आसाममधल्या एका जुन्या समाजाच्या लोकांची खाती बंद केली होती. त्यांचं आडनाव ते 'सुतिया' असं उच्चारतात, पण रोमन स्पेलिंग सीएचने सुरू होतं आणि हिंदीतल्या शिवीसारखं दिसतं. अशा वेळी ठिपके, आकडे घुसवून फिल्टरला चकवायला जाऊ नका. मग खातं खोटं ठरवायला आयतं कारण मिळतं. ओळखपत्राची प्रत जोडून 'हे माझं कायदेशीर नाव आहे, कृपया माणसाकडून तपासा' एवढंच लिहा.

काही नावं शिवी नसूनही अडतात. 'नल' हे खरं जर्मन आडनाव आहे, आणि प्रोग्रामिंगमध्ये त्याच स्पेलिंगचा अर्थ 'इथे काहीच नाही'. आळसात लिहिलेला प्रोग्राम दोन्हींत फरक करत नाही आणि 'आडनाव भरा' म्हणून मागेच लागतो. विमान तिकिटांची तर वेगळीच तऱ्हा. काही बुकिंग यंत्रणा नावाला जोडूनच, मध्ये जागा न सोडता, मिस्टरचे 'एम-आर' लावतात. आता 'अम्र' हे अरबी नाव घ्या: ए, एम, आर. यंत्रणेला शेवटची दोन अक्षरं मिस्टरची वाटतात, ती कापली जातात आणि प्रवाशाचं नाव उरतं नुसतं 'ए'. उपाय सोपा आहे: पहिल्या नावाच्या रकान्यात मधलं नावही लिहायचं, म्हणजे शेवटी 'एम-आर' येत नाही.

नाव लांबलचक असेल तर पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी असलेल्या दोन ओळी बघा. प्रत्येक ओळीत ४४ जागा असतात, त्यातल्या पहिल्या ओळीतल्या ३९ नावासाठी. तिथे फक्त ए ते झेड चालतात, जागा सोडायची तिथे कोनाची खूण (<) येते आणि आडनाव व नाव यांच्यात अशा दोन खुणा. तिकीट काढताना नाव याच ओळीवरून उतरवावं. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना रिकामा असेल तर अमेरिकेच्या व्हिसावर तुमचं एकुलतं एक नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी 'एफएनयू' येतं, म्हणजे 'पहिलं नाव अज्ञात'. मग तिकडच्या कागदोपत्री माणूस 'फनू' होऊन बसतो. पासपोर्टमध्ये दोन्ही रकाने भरून घेणं हाच खरा इलाज.

बाळाचं नाव ठरवत असाल तर पुस्तकातली यादी बाजूला ठेवा आणि नाव आडनावासकट मोठ्याने म्हणा. गौरी काळे, सरला वाकडे, शांता आरडे ही नावं एकेकटी निर्दोष आहेत, घोळ जोडीत आहे. मग आद्याक्षरं सलग लिहून पाहा. नंतर पहिलं आद्याक्षर आणि आडनाव जोडून रोमनमध्ये लिहा, कारण ऑफिसचा ईमेल पुष्कळदा तसाच बनतो. हे तपासायला पाच मिनिटं लागतात आणि घरातला एखादा शाळकरी मुलगा सोबत घेतला तर दोनच. चिडवण्याच्या कामात त्यांच्याइतकं तयार कोणी नाही.

राहिली हसणारी माणसं. ओळख करून देताना आपणच आधी ओशाळं हसलात की समोरच्याला परवानगी मिळते. नाव सावकाश, स्पष्ट सांगा आणि न थांबता पुढच्या वाक्यात काम सांगा. कोणी कोटी केलीच तर 'हो, ही ऐकली आहे' एवढं पुरतं. रसेल ब्रेन नावाचे ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ होते. ते लॉर्ड ब्रेन झाले आणि 'ब्रेन' याच नावाच्या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादकही. आडनावावरून त्यांनी किती कोट्या ऐकल्या असतील, कल्पना करा.

आणि हजेरी किंवा मुलाखत घेणारे कोणी हे वाचत असतील तर यादी आदल्या दिवशी डोळ्याखालून घाला. उच्चाराची शंका असेल तर त्या व्यक्तीला बाजूला घेऊन एकदाच विचारा आणि यादीत देवनागरीत लिहून ठेवा. भर वर्गात नावापाशी अडखळून थांबलात की उरलेलं वर्षभर त्या मुलाला ते पुरतं.