फिरत्या दवाखान्याचे थांबे ठरवायला जीआयएसचा उपयोग होतो का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या रानाकडच्या गावांसाठी तुम्हाला फिरता दवाखाना सुरू करायचा आहे, आणि थांबे ठरवायला जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशा आणि माहिती जोडून बघायचं तंत्र, कामी येईल का, खर्च किती, असं तुम्ही विचारलंय. कामी येतं. त्यासाठीचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. रस्ते ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशावरून घ्या. रानातल्या पायवाटा मात्र तिथे बऱ्याचदा नसतात, त्या गावातल्या कुणीतरी मोबाईलचं जीपीएस चालू ठेवून चालूनच नोंदवाव्या लागतात.

मी सीमाभागात असे नकाशे करतो. नवखा माणूस पहिल्यांदा प्राथमिक आरोग्य केंद्राभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ काढतो. घाटाकडच्या भागात त्या वर्तुळाला काही अर्थ नाही. सरकारी निकष लोकसंख्येचा: सपाटीवर 30,000 लोकांमागे एक केंद्र, डोंगराळ भागात 20,000 मागे. पण भीमगड अभयारण्यातल्या आमगावात पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून आणायची वेळ येते, ते या आकड्यात कुठे दिसणार? म्हणून अंतर मिनिटांत मोजा, आणि मार्चचं वेगळं, जुलैचं वेगळं. कुठला ओढा कधी अडवतो हे आशाताईंना तोंडपाठ असतं. त्यांच्यासोबत बसून जुलैत बंद पडणारे रस्ते नकाशातून काढून टाका, मग जी गावं तुटतात तिथले थांबे आधी ठरवा.

नकाशा जिल्ह्याच्या हद्दीवर कापू नका. फक्त कर्नाटकची माहिती घेतली की महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजचे दवाखाने गायब होतात. निपाणीकराला तर बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. सीमेचा खटला चालू दे सुप्रीम कोर्टात, तापलेलं पोर घेऊन निघालेली आई हद्द बघत नाही. दोन्हीकडच्या याद्या जोडताना गावाच्या नावावर विसंबू नका, जनगणनेचा गाव-कोड वापरा. खानापूर सांगली जिल्ह्यातही आहे.

आणि रोग्यांच्या घरांवर ठिपके नकोत. लंडनमध्ये 1854 साली डॉक्टर जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचे मृत्यू घरागणिक नकाशावर मांडले आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपावर बोट ठेवलं, ही गोष्ट जीआयएस शिकणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर येते. पण ते गजबजलेलं शहर होतं. वीस घरांच्या वाडीत क्षयरोगाचा एक ठिपका म्हणजे त्या माणसाचं नावच. पंचायतीत लावायच्या नकाशावर रस्ते, पाणी आणि थांबे एवढंच ठेवा. रोगाचे आकडे डॉक्टर आणि आशाताईंपुरते, तेही अनेक वाड्यांची बेरीज करून.