नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेताय? आधी सांगा, नकोसा आवाज नेमका कसला आहे

तुम्ही लिहिलंय की पुण्यात घरूनच काम करता, शेजारच्या प्लॉटवर बिल्डिंगचं काम चालू आहे, बाहेरच्या खोलीत आईबाबांचा टीव्ही दिवसभर सुरू असतो, अधूनमधून शिवनेरीने मुंबईला जाणं होतं, चष्मा आहे आणि बजेट १५ हजारांच्या आत आहे, तर कुठला ओव्हर-इअर (अख्खा कान झाकणारा) घेऊ. मॉडेलचं नाव सांगते, पण जरा थांबून, कारण तुम्ही जे तीन आवाज सांगितलेत ते तिन्ही वेगळ्या जातीचे आहेत आणि एकच हेडफोन तिघांशी सारखा वागणार नाही. दुकानदार हे सांगत नाही, तो नुसतं "मॅडम एकदम सायलेंट होतं बघा" म्हणतो.

मी सबटायटलिंगचं काम करते, म्हणजे दिवसभर कानावर काहीतरी असतंच, घर डोंबिवलीत आणि ऑफिसला जायचं असेल तर लोकल. त्यामुळे हे जे सांगतेय ते स्पेसिफिकेशन वाचून कमी आणि वापरून जास्त.

एएनसी, म्हणजे अॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलिंग, कसं चालतं ते थोडक्यात. कपाच्या बाहेर (चांगल्या हेडफोनात आतही) छोटे माइक असतात, ते बाहेरचा आवाज टिपतात, आतली चिप त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करते आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. कल्पना जुनी आहे, पॉल ल्यूग नावाच्या जर्मन माणसाला १९३६ मध्येच अमेरिकेत याचं पेटंट मिळालं होतं. पुढे १९७८ मध्ये अमर बोस झुरिचहून बॉस्टनला जाताना विमानाच्या घरघरीला वैतागले आणि तिथेच कागदावर गणित मांडायला बसले असं सांगतात. (हो, तेच बोस, हेडफोनवाल्या बोस कंपनीचे संस्थापक, वडील बंगाली होते, आपल्याकडे बऱ्याच जणांना ही कंपनी जर्मन वाटते.) त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं आणि सामान्य प्रवाशांसाठीचा पहिला क्वाएटकम्फर्ट हेडफोन २००० साली आला. म्हणजे ही सगळी टेक्नॉलॉजी जन्मली ती विमानाच्या इंजिनासाठी, सलग एका सुरात चालणाऱ्या खालच्या घरघरीसाठी, आणि आजही ती त्यातच पटाईत आहे.

कारण सोपं आहे. १०० हर्ट्झच्या घरघरीची एक लहर साडेतीन मीटरच्या आसपास लांब असते, चिपला उलटी लहर जुळवायला भरपूर सवड मिळते. पण ५००० हर्ट्झचा आवाज घेतला, म्हणजे टाइल कापायच्या कटरची किंचाळी किंवा कुकरच्या शिट्टीतला टोकदार भाग, तर लहर जेमतेम सात सेंटिमीटर, तिथे कणभर उशीर झाला तरी गणित चुकतं. म्हणून साधारण १००० हर्ट्झच्या वरचं काम एएनसी करतच नाही म्हटलं तरी चालेल, तिथे कपाची गादी आणि तिची कानाभोवतीची पकड जे काही अडवेल तेवढंच.

आता तुमचे आवाज बघू. शिवनेरीचं इंजिन, एसी, टायरची घरघर: हे जवळपास गायब होईल, पहिल्यांदा घातल्यावर तुम्ही कान चाचपून बघाल. बांधकामावरचा मिक्सर, जनरेटर, डंपर उभा राहून गुरगुरतोय ते: बऱ्यापैकी कमी. पण हातोडा, ब्रेकर, कटर, सळया टाकल्याचा खणखणाट: बोथट होईल, जाणार नाही. आणि टीव्ही, माणसांचं बोलणं, तिथे तर गंमतच होते. बोलण्यातला खालचा भारदस्त भाग एएनसी काढतं पण क, स, ट, च हे सगळे टोकदार आवाज वरच्या पट्टीतले असल्यामुळे आत येतातच, बारीक होऊन येतात. त्यातून आधी पंखा-एसीच्या घरघरीत जे बोलणं झाकलं जात होतं ते आता घरघर गेल्यामुळे उलट स्वच्छ कळायला लागतं. मी लेडीज डब्यात हे रोज ऐकते. एएनसी चालू केलं की गाडीचा तो खालचा घुमारा जातो आणि टिकल्या-पिना विकणारी बाई आणि समोरच्या दोघींची सासूबद्दलची चर्चा शब्द न शब्द ऐकू येते. लोक यालाच "माझा पीस खराब आला" म्हणून रिटर्न करतात. पीस चांगला असतो हो.

यावर उपाय आहे आणि फुकट आहे. एएनसी चालू ठेवून अगदी हळू आवाजात पावसाचा किंवा ब्राउन नॉइजचा (लांबच्या धबधब्यासारख्या सलग घुमणाऱ्या आवाजाचा) ट्रॅक लावा, घरघर एएनसीने खाल्ली आणि उरलेलं बोलणं त्या पावसाने झाकलं, दोन्ही मिळून टीव्ही जवळपास नाहीसा होतो. आणि हळू आवाजातच हे जमतं हा खरा फायदा. डब्ल्यूएचओचा हिशेब असा आहे की ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक, आवाज त्याहून वाढला की तास झपाट्याने कमी करायचे. साध्या इअरफोनवर गाडीत बसलं की लोक बाहेरचा गोंगाट दाबायला व्हॉल्यूम चढवत जातात, एएनसीने ती गरजच कमी होते. तुम्हाला दिवसाचे आठ तास घालायचाय, त्यामुळे माझ्या मते पैसे वसूल होतात ते इथे.

चष्म्याचं तुम्ही स्वतःहून लिहिलंत ते बरं झालं, कारण याबद्दल कोणी बोलतच नाही. गादी डोक्याला जिथे टेकते तिथून चष्म्याची काडी जाते, तिच्या पुढेमागे फट राहते, आणि खिडकी इंचभर उघडी राहिली की बंद केल्याचा उपयोग नसतो तसंच होतं, त्या फटीतून पहिल्यांदा आत शिरते ती नेमकी खालची घरघर, ज्याच्यासाठी आपण पैसे मोजले. बासही पातळ होतो. जाड, मऊ, फोमसारख्या गाद्या काडीभोवती बसतात, कडक पातळ गाद्या बसत नाहीत. फ्रेम निवडायला वाव असेल तर पातळ काडीची घ्या. माझी आधीची फ्रेम रुंद अॅसिटेटची होती, पातळ धातूची केल्यावर त्याच हेडफोनचा फरक लगेच कळला. शिवाय पकड घट्ट असेल तर तासाभराने काडी कानामागे रुतते, ते दुखणं वेगळंच, डोकं ठणकायला लागतं आणि माणूस हेडफोनला शिव्या देतो.

वजनही बघाच. सोनीचा डब्ल्यूएच-सीएच७२०एन १९२ ग्रॅमचा आहे, अॅपलचा एअरपॉड्स मॅक्स ३८५च्या आसपास, म्हणजे दुप्पट. दुकानात पाच मिनिटं घालून दोन्ही मस्त वाटतात, फरक दुपारी तीनच्या मीटिंगला कळतो.

बॉक्सवर दोन गोष्टींनी फसू नका. एक म्हणजे ईएनसी. स्वस्तातल्या हेडफोनवर मोठ्या अक्षरात ईएनसी लिहिलेलं असतं आणि लोक एएनसी समजून घेतात. ईएनसी तुमच्या माइकसाठी असतं, कॉलवर समोरच्याला तुमच्या मागचा गोंगाट कमी जावा म्हणून, तुमच्या कानाला त्याचा काही उपयोग नाही. दुसरं ते "४५ डीबीपर्यंत". त्यातलं "पर्यंत" महत्त्वाचं. हा आकडा एखाद्याच फ्रिक्वेन्सीवर, लॅबमध्ये, सगळ्यात चांगला आलेला असतो, सगळ्या आवाजांवर तेवढं मिळत नाही. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तर अजिबात ठरवू नका.

घरून काम म्हणजे मीटिंगा, त्याबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते नाहीतर पहिल्याच दिवशी घाबराल. लॅपटॉपला ब्लूटूथने हेडफोन जोडून टीम्स किंवा झूमवर हेडफोनचाच माइक निवडला की सगळा आवाज एकदम जुन्या फोनसारखा डबक्यातून आल्यासारखा होतो, गाणं चालू असेल तर त्याचाही चोथा होतो. हेडफोन बिघडलेला नसतो, नेहमीच्या ब्लूटूथला चांगला आवाज आणि माइक एकत्र झेपत नाही म्हणून तो कॉलवाल्या मोडमध्ये जातो. सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा ठेवायचा आणि स्पीकर हेडफोनचा, झालं. पण तुमच्याकडे शेजारी ब्रेकर चालू आहे, लॅपटॉपचा माइक तो सगळा टिपणार, तेव्हा अशा वेळी डबका परवडलं, हेडफोनचाच माइक ठेवा. ते ईएनसी वगैरे जे काय आहे ते इथे कामाला येतं.

मल्टिपॉइंट मात्र हवाच, म्हणजे लॅपटॉप आणि फोन दोन्हीला एकाच वेळी जोडलेला राहतो. ते नसेल तर दर फोनला सेटिंग उघडत बसा. एलडॅकच्या, म्हणजे ब्लूटूथवरून जास्त बारकाव्याचा आवाज पाठवायच्या सोनीच्या पद्धतीच्या, नादाला फार लागू नका, आयफोनवर ते चालतच नाही, अँड्रॉइडवर चालतं पण काही मॉडेलमध्ये मल्टिपॉइंट चालू केलं की बंद होतं. ३.५ एमएमचं भोक असलं तर चांगलं, चार्जिंग संपलं तरी वायर लावून काम निभतं. बॅटरीचं टेन्शन आता कुणी घेऊ नये, सेनहायझरचा मोमेंटम ४ तर ६० तासांचा दावा करतो, पण ३० आणि ६० मध्ये रोजच्या जगण्यात काय फरक पडतो मला कळलेलं नाही, दोन्ही वेळा आठवड्यातून एकदा-दोनदा चार्जरच शोधायचाय.

एक आपल्याकडचीच भानगड, ती परदेशी रिव्ह्यूमध्ये सापडणार नाही. पंखा. एएनसीच्या बाहेरच्या माइकवर थेट वारा आला की कानात फरफर ऐकू येते, आणि आपण मे महिन्यात बसतो कुठे, तर बरोब्बर पंख्याखाली. टेबल फॅन बाजूने येत असेल तर जास्तच. काही हेडफोनच्या अॅपमध्ये वाऱ्यासाठी वेगळी सेटिंग असते, ती शोधा, नसेल तर फॅनची दिशा बदला. लोकलच्या दारात उभं राहिलं तरी तेच होतं, पण दारात उभं राहून एएनसी लावूच नये, आणि रूळ किंवा रस्ता ओलांडताना तर नाहीच नाही, बाहेरचा आवाज मुद्दाम आत सोडणारा ट्रान्सपरन्सी मोड त्यासाठीच असतो किंवा सरळ गळ्यात अडकवा.

घाम हा दुसरा प्रकार. गाद्यांवरचं ते रेक्झीनसारखं आवरण आपल्या दमटपणात वर्ष-दोन वर्षांत पापुद्रे सोडायला लागतं, काळे तुकडे कानाला चिकटतात. म्हणून घेण्याआधी त्या मॉडेलच्या सुट्या गाद्या ऑनलाइन मिळतात का ते शोधा. खपाच्या मॉडेलच्या मिळतात, कुठल्यातरी नवख्या ब्रँडच्या मिळत नाहीत आणि मग चालू हेडफोन कपाटात पडतो. रोज काम झालं की कोरड्या सुती फडक्याने पुसा, लगेच डबीत कोंबू नका.

तर नाव. तुमच्या बजेटमध्ये, चष्मा आणि आठ तास धरून, मी सीएच७२०एन घेईन. २०२३ चा आहे, आला तेव्हाच १० हजारांच्या आत होता, हलका, मल्टिपॉइंट आहे, ३.५ एमएम आहे, एएनसी चालू ठेवून ३५ तास म्हणतात. उणीव अशी की गाद्या हलक्याफुलक्या आहेत त्यामुळे कटरची किंचाळी महागड्यांच्या मानाने जास्त आत येते, सगळं प्लास्टिक आहे, घडी होत नाही नुसते कप सपाट वळतात आणि सोबत पाउच-डबी काही देत नाहीत. प्रवास जास्त असता तर घडी होणारा जेबीएलचा ट्यून ७७०एनसी बघा म्हटलं असतं. बजेट ताणायची तयारी असेल तर सोनीचाच डब्ल्यूएच-१०००एक्सएम४, २०२० चा जुना आहे पण घडी होतो, गाद्या मऊ आहेत, त्या चष्म्याला मानवतात, आणि सेलमध्ये किंमत बरीच खाली येते. त्याच्या पुढचा एक्सएम५ घडीच होत नाही, म्हणून मला तो कधी पटला नाही, २०२५ च्या एक्सएम६ मध्ये त्यांनी घडी परत आणली यातच काय ते आलं. एअरपॉड्स मॅक्स तुमच्या बजेटच्या चौपट आहे, सोडा. आणि फुटपाथवर दोन-तीन हजारात मिळणारा "मॅक्स" तर बघूही नका, त्यात बऱ्याचदा एएनसीचं नुसतं बटण असतं.

दुबईहून किंवा अमेरिकेहून कुणी आणून देत असेल तर वॉरंटी इथे चालते का ते आधी विचारून घ्या, वाचलेले दोन हजार एका रिपेअरमध्ये जातात.

शक्य असेल तर क्रोमा किंवा विजय सेल्समध्ये जाऊन आधी कानाला लावून बघा, पण गाणं न लावता. स्वतःचा चष्मा घालून, एसीच्या खाली उभं राहून एएनसी चालू-बंद करा, मान हलवा, तोंड उघडा-मिटा, पकड सुटते का बघा. काही जणांना एएनसीने कानात दडे बसल्यासारखं होतं, घाटातून उतरताना होतं ना तसं. बऱ्याच जणांचं चारेक दिवसांत जातं पण काहींचं जात नाही, तुमचं कोणतं ते दुकानात कळणार नाही. म्हणून कुठूनही घेतलात तरी रिटर्न किती दिवस आणि कशासाठी घेतात ते आधीच वाचा, कारण हल्ली बऱ्याच ठिकाणी "आवडला नाही" चालत नाही, फक्त बदलून देतात. पहिल्या एक-दोन दिवसांतच घरी पूर्ण शिफ्ट घालून बसा, शेजारचं काम जोरात चालू असतानाच, एक लांब मीटिंग घ्या आणि समोरच्याला विचारा ब्रेकर ऐकू येतोय का. तोपर्यंत बॉक्स, आतली प्लास्टिकची पिशवी, बिल काही टाकू नका, रिटर्नला आलेला माणूस ते सगळं मोजून घेतो.