खर्डे घेऊन ये

प्रिय बेटा,

तुझं टिपण परवा मिळालं. 'लेखनवर्गातील माझी प्रगती', दोन पानं, खाडाखोड नाही, समास सोडलेला. दोनदा वाचलं. पहिल्या पानावर तू मला कुठे सापडलीच नाहीस. "या वर्गामुळे माझ्या विचारांना दिशा मिळाली, शब्दसंपत्ती वाढली, आत्मविश्वास निर्माण झाला." यातलं काही खोटं नाही, मला ठाऊक आहे. सत्रभर मी तुला बघत आलोय. पण हीच तीन वाक्यं तुझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीनं लिहिली असती, तिच्या मागच्यानं लिहिली असती, तरी एक अक्षर बदलावं लागलं नसतं.

प्रगती झाली असं लिहू नकोस. ती कुठे झाली त्या जागेवर बोट ठेव.

ती जागा तुझ्या वहीतच आहे. जुलैत, पेरण्या आटोपल्यावर तू 'शेतकरी' या विषयावर पहिला लेख दिलास. त्याची सुरुवात अशी होती: "शेतकऱ्याचे जीवन अत्यंत हलाखीचे असते. तो रात्रंदिवस काबाडकष्ट करून जगाचा पोशिंदा ठरतो." आणि हे नोव्हेंबरमधलं: "आई दिवसभर वाकून कापूस वेचते. ओटी भरली की धुऱ्यावरच्या ताडपत्रीवर रिकामी करते. संध्याकाळी काट्यावर अडतीस किलो भरतो. जेवणं झाली की ती चुलीपाशी बसून बोटांना खोबरेल लावते. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला टोचून चिरा पडलेल्या असतात."

हे दोन्ही तूच लिहिलंस. मधे साडेतीन-चार महिने गेले. त्या महिन्यांत काय घडलं, हे मला तुझ्या टिपणात वाचायचंय.

मी वही पुन्हा उघडून पाहिली. नोव्हेंबरच्या लेखाचे तीन खर्डे आहेत. दुसऱ्या खर्ड्यात चिरांच्या वाक्यानंतर तू लिहिलं होतंस, "तिच्या वेदना पाहून माझे मन हेलावून जाते." तिसऱ्यात त्यावर पेन्सिलची रेघ आहे. आधी हलकी ओढलेली, मग पुन्हा जोर देऊन. ती रेघ ओढायला मी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी वर्गात नव्हतोच, परीक्षेच्या कामाला होतो. मग ती का ओढलीस? गटात वाचताना कुणी काही बोललं? की घरी आईसमोर मोठ्यानं वाचायला गेलीस आणि त्या वाक्याशी अडलीस? एवढं लिहिलंस तर अख्खं पान भरेल, आणि ते दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही.

दुसरी गोष्ट. टिपणात कुठेच काही फसल्याचं नाही. बातमीचा सराव तुझा तीनदा फसला. ग्रामसभेच्या बातमीत ठराव शेवटच्या ओळीत आणि स्वागतसमारंभ पहिल्या ओळीत. अनुवादाचं काम तू अर्धवट सोडलंस. ते का लपवतेस? वेचणीत कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस, निघाली तर तुमच्या घरी ती चांगल्या कापसात कोंबत नाहीत आणि धुऱ्यावर फेकूनही देत नाहीत. वेगळी ठेवतात. तशीच ही फसलेली कामं टिपणात वेगळी काढून ठेव. बातमी कशानं फसली हे नेमकं सांगता आलं, तर मला वाटतं तू बातमी निम्मी शिकलीस. गुण कापले जातील ही भीती मनातून काढ. निदान माझ्याकडून तरी कापले जाणार नाहीत.

आता भाषेचं, कारण यावर तू टिपणात एक वाक्य लिहिलंयस आणि ते मला लागलं. "सुरुवातीला माझ्या लेखनात गावठी शब्द येत, आता मी शुद्ध लिहिते." बेटा, यात तू दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्यास. 'आणि'ला दीर्घ वेलांटी देणं ही चूक होती, ती तू सुधारलीस, छान झालं. पण आजीच्या मुलाखतीत तू लिहिलंस, "मला माहेरची आठवण येते." आजी असं बोलली? तुझी आजी "मले माहेराची सय येते" म्हणाली असणार. तिच्या तोंडची सय काढून तू आठवण घातलीस, तेव्हा ते बोलणं तिचं उरलं नाही. शुद्धलेखनाच्या ज्या नियमांची तुला धास्ती वाटते ते साहित्य महामंडळाचे. १४ नियम १९६२ साली शासनानं मान्य केले, १९७२ साली आणखी ४ आले. माणसाच्या तोंडचं बोलणं त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहायला त्याच नियमांत मुभा आहे. अर्जात प्रमाण मराठी हवीच, तिथे तडजोड नको. आजीच्या तोंडी आजीची वऱ्हाडी.

हे मी इतक्या कळकळीनं सांगतोय, त्याला कारण आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका मुलाच्या निबंधातला 'धुरा' मी लाल शाईनं खोडला आणि वर 'बांध' लिहिलं. तो तासानंतर दाराशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "सर, बांध म्हंजे निस्ती माती. धुरा म्हंजे दोघायच्या वावरामंधली हद्द. त्याच्यावरून आमच्या घरात भांडन झालं होतं, तेच तर लेहलं होतं." मी त्याला नियम सांगितला आणि वाटेला लावलं. पुढचे सगळे निबंध त्यानं मार्गदर्शकातून उतरवून दिले. एकही चूक नव्हती त्यात. तो मुलगा मी गमावला, आणि त्याचं दुःख मला आजही आहे.

म्हणून रिद्धपूरची आठवण देतो. मोर्शी तालुक्यातलं हे गाव तुला बसच्या पाटीवरून माहीत असेल, आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालंय. साडेसातशे वर्षांपूर्वी, इ.स. १२७८च्या सुमारास, म्हाइंभटांनी तिथे 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. कसं केलं, ते आपल्या कामाचं. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींना ज्यांनी पाहिलं, ऐकलं, त्या माणसांना गाठून म्हाइंभटांनी आठवणी गोळा केल्या आणि स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पारखून घेतल्या. कोण काय बोललं, कुठे बसले होते, काय जेवले, हे सगळं त्यात आहे. मराठी गद्याचा आपल्याला ठाऊक असलेला पहिला मोठा ग्रंथ आपल्या वऱ्हाडात, विचारून-विचारून लिहिला गेला. बसल्या जागी सुचलं म्हणून नाही. मला याचा फार अभिमान वाटतो, आणि तुलाही वाटावा.

तर टिपण पुन्हा लिही. घाई नाही. तूर सोंगायची असेल तर ती आधी होऊ दे, मी वाट बघेन. शुक्रवारी दुपारच्या एसटीनं येशील तेव्हा जुलैचा लेख आणि नोव्हेंबरचे तिन्ही खर्डे बरोबर आण. खाडाखोडीचीच पानं आण, उतरवून काढू नकोस.

आणि एक राहिलं. शेवटच्या खर्ड्यात आई बोटांना खोबरेल लावते, पहिल्यात जवसाचं तेल लावत होती. मला दोन्ही खरी वाटतात, पण एकच खरं असेल. निघण्याआधी आईला विचारून ये.

तुझा,
सर