अमेरिकन खेड्यांतला जुना बँजो यूट्यूबवरून शिकता येतो का?

येतो, पण आधी नावाचा घोळ. गणपतीच्या मिरवणुकीत आपण ज्याला बेंजो म्हणतो ते बटणांचं बुलबुल तरंग. अमेरिकेतला बँजो वेगळा: डफासारखं गोल तोंड, लांब दांडी, पाच तारा. त्याचं मूळ गुलाम म्हणून नेलेल्या पश्चिम आफ्रिकी लोकांच्या वाद्यांत आहे.

शोधताना नुसतं 'बँजो' टाकलंत तर ब्लूग्रास या शैलीतलं वादन समोर येईल, तीन बोटांत नख्या घालून सुसाट वाजवलेलं. जुन्या ढंगासाठी 'क्लॉहॅमर' शोधा. त्यात तर्जनीचं किंवा मधल्या बोटाचं नख तारेवर वरून खाली आपटतं आणि अंगठा आखूड पाचवी तार छेडतो. सतारीची चिकारी आठवा, काम साधारण तेच. हे वाचून कळत नाही, हात बघावा लागतो. मनगट सैल आणि बोटं अर्धवट मिटलेली, दार ठोठावल्यासारखी.

अ‍ॅलन लोमॅक्स या लोकसंगीत-संग्राहकाच्या संग्रहाच्या यूट्यूब चॅनेलवर नॉर्थ कॅरोलायनाच्या टॉमी जॅरेल (१९०१-१९८५) यांचं चित्रीकरण आहे. फिडलसाठी, म्हणजे व्हायोलिनसाठी, जास्त प्रसिद्ध, पण बँजोही तितकाच अस्सल. व्हिडिओचा वेग ०.५ वर ठेवा, सूर बदलत नाही.

आधी तारा मात्र व्हिडिओतल्यासारख्या लावून घ्या. तारा कुठल्या सुरांत लावायच्या ते गाण्यागणिक बदलतं. मी हे न बघता आठवडाभर बोटांनाच दोष देत बसलो होतो.