शिंगरू आणि पिल्लू एकाच अंगणात

माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते आणि तिथं घेतलेल्या घोड्यांची पत्रं मला माघ-फाल्गुनात येऊ लागतात. यात्रेत जनावर उमदं दिसतं, सौदा होतो, भंडारा लावून ते घरी येतं. आणि मग त्याला हात कसा लावायचा इथूनच अडायला लागतं. यंदा लोहा तालुक्यातल्या एका पत्राला जास्त जागा देते. त्यांनी विचारलेलं बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलंय. पत्राची भाषा त्यांचीच ठेवली आहे. त्यातला वछेरा म्हणजे तरणं शिंगरू, कारवान ही शिकारी कुत्र्यांची जात आणि जानवळ हे लातूर जिल्ह्यातलं गाव.

प्रश्न : ताई, यात्रेत मारवाडी वछेरा घेतला. इकणारा म्हणला दोन वर्षाचा हाय. वैशाखातल्या लग्नसराईत वरातीला लावायचाय. पण खोगीर ठिवलं की उधळू लालाय, दोरी तोडलाय. त्यात जानवळहून कारवानचं पिल्लू आणलंय, चार महिन्याचं. ते दिवसभर वछेऱ्याच्या मागच्या पायाला झोंबू लालंय. एक लाथ बसली तर पिल्लू जाईल. घरचे म्हणतात, दोघांनाबी चाबूक दाखवा. काय करावं?
— एक वाचक, लोहा तालुका

उत्तर : दादा, चाबूक खुंटीलाच राहू द्या आणि आधी वछेऱ्याचं तोंड उघडून बघा. बैलाचा अदात, दोन दाती तुम्ही नजरेनं ओळखता. घोड्याचंही तसंच आहे. समोरचे मधले दोन दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडून पक्के येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. दुधाचा दात लहान, पांढराशुभ्र आणि हिरडीपाशी आवळलेला असतो. पक्का दात रुंद, पिवळसर, उभ्या रेघांचा. सगळे दुधाचे असतील तर विकणाऱ्यानं सांगितलेलं वय खरं धरा, किंवा त्याहून कमी.

आणि मग या वैशाखातली वरात विसरा. हे मी हात जोडून सांगते. घोड्याची उंची दोन वर्षांत भरल्यासारखी दिसते, पण गुडघ्याच्या वरचं हाड जुळायला अडीच वर्षं लागतात, पाठीचे मणके तर पाच-सहा वर्षांपर्यंत पक्के होत असतात. आणि ओझं नेमकं त्या मणक्यांवर येतं. घोड्यानं स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत वागवावं असं साधारण मानतात. तुमचा वछेरा 250 किलोचा धरला तर झाले 50 किलो, तेही पूर्ण वाढलेल्या घोड्याच्या हिशेबानं. नवरदेव, त्याच्या पुढ्यात बसवलेला करवला, खोगीर आणि जरीची झूल मिळून 100 किलो सहज होतात. वर डीजे, फटाके आणि डांबरी रस्ता. लाल कंधारीचा गोऱ्हा कामाला धरताना तुम्ही त्याचे खांदे भरायची वाट बघताच की. इथंही तेवढाच धीर हवा. तीन वर्षं पूर्ण झाल्यावर हलका स्वार, तोही थोडा वेळ. वरात चार वर्षांचा झाल्यावर.

तोवर करायचं काय? भरपूर आहे. माझे सासरे चाबूकस्वार, म्हणजे घोडे शिकवून तयार करणारे होते, कंधार-लोह्याकडचे कितीतरी वछेरे त्यांच्या हाताखालून गेले. पाठीवर बसायच्या आधीच घोडा निम्मा तयार झाला पाहिजे असा त्यांचा आग्रह असायचा, आणि आमच्या पागेत आजही तसंच चालतं. मोहोरकी म्हणजे तोंडावरची दोरी घालून घेणं, दोरीवर शेजारी चालणं, थांब म्हटलं की थांबणं, पाय उचलू देणं, खरारा करून घेणं, नालबंदासमोर उभं राहणं. कावाही द्या, म्हणजे लांब दोरीवर गोल फिरवा, पण मोठ्या रिंगणात आणि दहा-पंधरा मिनिटांच्या वर नको. लहान गोल रिंगणात कोवळ्या सांध्यांवर तिरका ताण येतो. एकदा डाव्या हातानं फिरवलं की तेवढंच उजव्या हातानं.

पाय उचलायचं जरा सविस्तर सांगते, कारण बाकीचं सगळं याच रीतीनं शिकवायचंय. वछेऱ्याच्या खांद्याशी, तोंड शेपटीकडे करून उभे राहा. हात खांद्यावर ठेवून तिथून हळूहळू खाली आणा. तो दचकला तर हात झटकन काढू नका, आहे तिथंच राहू द्या. तो निवला की मग काढा. हात पुन्हा खांद्यापासून. असं करत खुराच्या वरच्या गाठीपर्यंत पोचलात की तिथं हलकं दाबा. तो भार दुसऱ्या पायावर टाकेल, खूर जरासं उचलेल. त्याच क्षणी दाब सोडा आणि पाय खाली ठेवू द्या, त्यानं हिसका मारायच्या आधी. घोडा शिकतो तो दाब सुटला त्या घडीला. तुम्ही तो हिसका मारत असताना सोडलंत तर हिसका मारल्यानं सुटका होते एवढंच तो शिकणार. तुमच्या वछेऱ्याच्या बाबतीत नेमकं हेच झालंय. खोगीर आलं, तो उधळला, दोरी तुटली, खोगीर पडलं. त्याच्या हिशेबी त्यानं बरोबर केलं.

म्हणून खोगीर सध्या बाजूला ठेवा. एक रिकामं गोणपाट घ्या. आधी त्याला हुंगू द्या, मग मानेवर घासा, खांद्यावर, पाठीवर. तो स्थिर आहे तोवरच काढून घ्या. कान बघत राहा. मारवाडीचे कान असे बोलके की वेगळं काही विचारावं लागत नाही: मागे चिकटले तर थांबा, एक तुमच्याकडे वळला तर चाललंय ते ठीक. मान खाली आली, ओठ चावल्यासारखे हलले, नाकातून लांब श्वास सुटला की त्या दिवसाचं काम तिथंच संपवा, मग पाचच मिनिटं झाली असली तरी. गोणपाटाला तो सरावला की हलकं खोगीर, तंग म्हणजे पोटाखालचा पट्टा न आवळता. नंतर तंग, एकेक भोक करत. रिकिबी लोंबत ठेवू नका, त्या पोटाला लागल्या की नवा घोडा हमखास भडकतो.

एखादा जण येईल आणि सांगेल की पाय बांधून पाडा, एका दिवसात सरळ होतो. त्याला पाणी पाजून परत पाठवा. असा पाडलेला घोडा शांत दिसतो, पण तो भीतीनं गोठलेला असतो आणि ती भीती भर वरातीत, पोरंबाळं जवळ असताना बाहेर येते. काटेरी लगामही कुणी देऊ केला तर घेऊ नका. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या केंद्राच्या 1965 च्या नियमांनीच त्याला मनाई आहे.

आता पिल्लू. कारवान हे नजरेवर पळणारं कुत्रं, हललेलं दिसलं की त्याच्या मागं धावणं त्याच्या रक्तात आहे. त्यात चार महिन्यांचं म्हणजे दुधाचे दात पडायचे दिवस, हिरड्या शिवशिवतात. वछेऱ्याचा खूर त्याला दोन्ही कारणांनी आवडणारच. आणि वछेऱ्याला बरोबर पाठीमागचं दिसत नाही, म्हणून तो बघून नाही, अंदाजानं लाथ मारतो. तेव्हा तुम्ही जवळ नसाल तेव्हा दोघं एकत्र नकोत. मधे कुडाची भिंत घाला नाहीतर जाळी लावा, पण हा नियम पक्का.

वछेऱ्याचं काम चालू असताना पोराला पिल्लू दोरीवर धरून लांब बसू द्या, एवढं लांब की पिल्लू घोडा बघेल पण ओढणार नाही. त्यानं घोड्याकडून नजर काढून पोराकडे पाहिलं रे पाहिलं की उकडलेल्या अंड्याचा तुकडा तोंडात. ओढायला लागलं तर ओरडायचं नाही, चार पावलं मागं जायचं. ओरडलं की त्याला वाटतं माणसंही शिकारीत सामील झाली. रोज थोडा वेळ, अंतर हळूहळू कमी. आणि पिल्लाला झोपू द्या. या वयाचं पिल्लू दिवसाचे सोळा-अठरा तास झोपतं. आपल्याकडे घर, गोठा, अंगण सगळीकडे माणसं, त्याला डोळा लावू देत नाहीत, आणि संध्याकाळी ते चेकाळून चावत सुटलं की वांड आहे म्हणतात. गोठ्याच्या मागं अंधाऱ्या कोपऱ्यात पोतं टाका, तिथं कुणी हात लावायचा नाही.

अजून एक. गाडीमागं पळवून कारवान तयार करायची हौस तुमच्या पोरांना येईल. वर्षाच्या आत नको. हाडांचं जे वछेऱ्याचं तेच याचं. स्वतःच्या मनानं शेतात पळू दे, दमलं की बसू दे.

प्रश्न : पिल्लू लहान मुलांच्या हाताला, फ्रॉकला चावतं. सासूबाई म्हणतात, लहान आहे, चालायचंच. लस दिलेली नाही.
— एक वाचक, जिंतूर

उत्तर : चावरेपणा खेळातला असेल, पण लसीचं थांबवू नका ताई. पार्व्हो आणि इतर रोगांची पहिली लस दीड-दोन महिन्यांच्या वयात, पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे. रेबीजची तीन महिन्यांना आणि नंतर ठरल्यावेळी पुन्हा. दात लागून कातडी फाटली असेल, साधा ओरखडा असला तरी, जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. हळद, चुना, तिखट काहीही भरू नका. खेळाचं म्हणाल तर मुलांना सांगा, दात लागले की हात ओढायचा नाही, गप्प उभं राहायचं आणि खेळ बंद. चावायला जुन्या सुती कपड्याची गाठ ओली करून द्या.

प्रश्न : शिंगराचं पोट दुखलं की आमच्याकडे नळ्यानं गोडं तेल पाजतात. चालेल का?
— एक वाचक, सेलू

उत्तर : नको. घोड्याला ओकारी होत नाही, आणि नळ्यानं ओतलेलं तेल श्वासनळीत गेलं तर फुप्फुसाला जातं. मग पोटदुखीतून वाचलेलं शिंगरू निमोनियानं जातं. ते वळून कुशीकडे बघतंय, पायानं माती उकरतंय, उठ-बस करतंय, लीद पडली नाही, अशी लक्षणं दिसली की खाणं काढून घ्या, हळूहळू चालवा आणि डॉक्टरांना बोलवा. तुम्हाला परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे; लातूर-नांदेडकडच्यांना उदगीरचं. हरभऱ्याचा तोबरा एकदम वाढवू नका, आठवडाभरात मूठमूठ वाढवा. पाणी सारखं समोर असू द्या. आणि पाण्याअभावी सुकलेल्या कोवळ्या ज्वारीत सोडू नका. किराळ, म्हणजे अशा ज्वारीची विषबाधा, गाईगुरांनाच लागते असं समजून काही जण घोडं चारतात.

प्रश्न : कारवानला ससा धरायला कसं शिकवायचं?
— एक वाचक, अहमदपूर

उत्तर : शिकवायचं नाही. ससा 1972 च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. पळायची हौस दोरीला बांधलेलं चिंधूक ओढून भागते, आणि त्यात तुम्ही हाक मारल्यावर परत येणंही शिकवता येतं.

प्रश्न : घोड्याला दिलेल्या जंताच्या औषधाची पिचकारी थोडी उरली आहे. पिल्लालाही जंत आहेत. त्यातलीच थोडी दिली तर?
— एक वाचक, मुखेड

उत्तर : अजिबात नाही. घोड्याच्या त्या पेस्टमध्ये बहुधा आयव्हरमेक्टिन असतं आणि ते 500 किलोच्या जनावराच्या मापानं भरलेलं असतं. बोटभर पेस्टसुद्धा पिल्लाला झटके, आंधळेपणा, बेशुद्धी आणू शकते. घोड्याच्या तोंडातून जमिनीवर पडलेली पेस्ट चाटूनही कुत्र्यांना विषबाधा होते, म्हणून औषध देताना पिल्लू बांधून ठेवा, पडलेलं पुसून घ्या आणि पुढचे काही दिवस लीद उचलून झाकून टाका. पिल्लं लीद खातातच. पिल्लासाठी वजन करून वेगळं औषध डॉक्टरांकडून घ्या. उरलेली पिचकारी डॉक्टरांना दाखवून पुन्हा वापरायची की टाकायची ते विचारा, तोवर कुलपात ठेवा.