ग्रुपमधली मुलं 'आपल्यासारखी' नाहीत, मग लेकीने ग्रुप सोडावा का?

गणपती झाले आणि त्याच आठवड्यात एका आईचा फोन आला. मुलगी एसवायला, कॉलेजच्या एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) आहे आणि रोज घरी येऊन नुसती चिडचिड, कधी रडारड. "मॅडम, काढून टाकू का तिला त्यातून? आमच्या सोसायटीतल्या मुलांचा एक ग्रुप आहे, टेकडीवर झाडं लावतात, सगळी आपल्यासारखीच मुलं आहेत हो." हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो, बाकी काही बदललं तरी "आपल्यासारखी" हा शब्द असतोच, म्हणून ही केस लिहितेय. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगी आली. ग्रुप लीडर, हाताखाली 14 जण. काही पेठेतली, काही कोथरूडची, दोघं बीडहून येऊन हॉस्टेलला राहणारे, एक मुलगी मणिपूरची, एक कोंढव्याची, एक मुलगा दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतला. ऐकताना सरकारी जाहिरातीतलं चित्र वाटतं पण पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या कॉलेजात साधारण असंच असतं. एनएसएसला वर्षाला 120 तास भरायचे, दोन वर्षांत 240, वर सात दिवसांचं शिबिर, म्हणजे एकमेकांना टाळायची सोयच नाही. तिचं म्हणणं, "अर्धे लोक कामाला येतात पण मीटिंगला नाही. ग्रुपवर ब्लू टिक दिसते, उत्तर नाही. त्यांना इंटरेस्टच नाहीये."

इथे मी चुकले. ओळख वाढवायचे खेळ सांगून मोकळी झाले, गोल बसा, गावाकडची एक आठवण सांगा, असलं काहीतरी. पंधरा दिवसांनी ती आणखी वैतागून परत आली. मणिपूरच्या मुलीला तिघांनी एकापाठोपाठ एक "तुम्ही लोक काय खाता" हेच विचारलं आणि ती उठून गेली.

मग खेळबिळ सोडले आणि तिला म्हटलं, विसर्जनाचा दिवस मला सकाळपासून सांग, काही गाळू नकोस.

घाटावर निर्माल्य गोळा करायचं होतं. कोथरूडकरांनी छान बोर्ड केले होते, 'कृपया निर्माल्य नदीपात्रात विसर्जित करू नये'. लोक बोर्डाला वळसा घालून पिशवी थेट पाण्यात सोडत होते. वस्तीतला मुलगा कलशाशेजारी उभा राहून नुसतं म्हणायचा, "मावशी, हार इकडं द्या, खत करतोय, झाडालाच जाणार," आणि मावशी देत होत्या! त्याची आई कचरा वेचते. (पुण्यात 1993 पासून कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे, तरी या कामाला अक्कल लागते हे आपल्याकडच्या शिकलेल्या घरांना अजून पटत नाही, असो.) हारातला नायलॉनचा दोरा एका टोकाला धरून सर्रकन कसा ओढून काढायचा ते त्यानेच सगळ्यांना दाखवलं, फुलं कुजतात, दोरा तसाच राहतो. अगरबत्तीचे पुडे वेगळे, कापराच्या डब्या वेगळ्या. ओली पोती बीडच्या दोघांनी वाहिली.

मी विचारलं, फोटो आहेत का? तिने मोबाइल पुढे केला. सगळीकडे बोर्ड धरलेले, कोरड्या टीशर्टातले चेहरे. तो मुलगा एकाच फोटोत होता, तोही पाठमोरा. ती तेवढाच झूम करून बघत बसली. "आणि मीटिंग कुठे घेता?" "एफसी रोडला, कॅफेत." "कॉफी केवढ्याला?" "दीडशे-दोनशे... अरे यार."

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच मांडून ठेवलंय की वेगवेगळ्या गटांतली माणसं नुसती एका जागी आणून भागत नाही, तिथे त्यांचा दर्जा बरोबरीचा लागतो, उद्देश एक लागतो, एकमेकांवाचून अडायला लागतं आणि वरच्यांचा पाठिंबा लागतो. हिच्याकडे उद्देश होता, सरांचा पाठिंबा होता, बरोबरीचा मात्र पत्ता नव्हता. तिला मी एलियट ॲरन्सन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाचा किस्सा सांगितला. अमेरिकेत ऑस्टिनला 1971 मध्ये गोरी, काळी, मेक्सिकन वंशाची मुलं एका वर्गात आली आणि भांडणं सुरू झाली, तेव्हा त्याने धड्याचे तुकडे करून प्रत्येकाला एकेक दिला, दुसऱ्याकडून त्याचा तुकडा शिकल्याशिवाय कुणाचाच धडा पुरा होईना. ती म्हणाली, "म्हणजे आमच्याकडे सगळे तुकडे होते, आम्ही फक्त आमचाच वाचत होतो."

पुढचं काम सोसायट्यांमध्ये ओला-सुका कचरा समजावायचं. या वेळी सगळ्यांना शिकवलं वस्तीतल्या मुलाने, तासभर, कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून, कॉफी नाही काही नाही. मणिपूरची मुलगी म्हणाली, यातले कितीतरी फ्लॅट भाड्याने दिलेत, बाहेरून आलेल्यांना तुमचा मराठी बोर्ड वाचताच येत नाही, मलाही पहिले सहा महिने येत नव्हता. हे बाकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळं गोड झालं असं नाही, बोर्डवाल्यांपैकी दोघं लीडरला घालूनपाडून बोलून सोडून गेले आणि त्या रात्री ती परत रडली.

तर आईबाबांनो, मूल वैतागलंय म्हणून लगेच ग्रुप बदलू नका, आधी विचारा की पोती कोण उचलतं, बोलतं कोण, आणि भेटायला खर्च किती येतो. जातीधर्मावरून टोमणे किंवा त्रास असेल तर मात्र थांबायचं नाही, सरळ सरांकडे जायचं.

परवा त्या आईचा पुन्हा फोन. मीटिंग यांच्या गच्चीवर झाली, दोन किलो पोहे संपले, आणि तो मुलगा ओट्याजवळ येऊन म्हणाला, "काकू, दुधाच्या पिशवीचं कापलेलं टोक ओल्यात टाकू नका, ते वेचून वेचून बोटं झिजतात." आवाजात जरा राग होता काकूंच्या. "मॅडम, माझ्या स्वयंपाकघरात येऊन मला सांगतो!" मग जरा थांबून, "आता टोक पूर्ण कापतच नाही मी, पिशवीलाच लटकत ठेवते."